ऋषीचे कूळ, नदीचे मूळ आणि मिशन डिस्ट्रिक्ट

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण करणाऱ्याच्या मनात कदाचित नम्रता असेल. पण आमच्या अनुभवात ती बहुधा विचारणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठीच वापरली जाते. कलेच्या प्रांतात तर हमखास. एखाद्या थोर कलावंताविषयी बोलताना तो कुठल्या गल्लीत राहत होता, त्या गल्लीत घरभाडे किती होते, शेजारच्या घरातून कुठले वाद्य ऐकू येत होते असले प्रश्न विचारले, की विचारणारा अरसिक ठरतो. प्रतिभेचा स्पर्श झाला, वीज चमकली, असे म्हणून मोकळे व्हायचे. आम्हांस हे मोकळे होणे मान्य नाही, आणि त्याचे कारण या लेखात एका विशिष्ट संगीताच्या आधाराने सांगायचे आहे.

ते संगीत म्हणजे लॅटिन रॉक. रॉक संगीतावर मराठीत जे थोडेफार लिहिले-बोलले जाते, त्यात याची कथा ठरलेली असते. १९६९ सालच्या ऑगस्टात न्यूयॉर्क राज्यातल्या एका माळावर वुडस्टॉकचा महोत्सव भरला. त्यात कार्लोस सांटाना नावाचा बावीस वर्षांचा, फारसा कुणाला ठाऊक नसलेला तरुण आपला वाद्यवृंद घेऊन उभा राहिला. त्याची पहिली तबकडी अजून दुकानांत यायची होती. ‘सोल सॅक्रिफाइस’ वाजले, लाखोंचा जमाव डोलला, आणि लॅटिन रॉक जन्माला आले. कथा सुटसुटीत आहे. तिच्यात नायक आहे, रंगमंच आहे, तारीखही आहे. फक्त एवढेच, की जन्माची म्हणून सांगितलेली ही घटका खरे तर बारशाची आहे. आणि बारशाला जमलेल्या पाहुण्यांना बाळ कुठल्या घरात, कोणाच्या हातांवर वाढले याची माहिती असतेच असे नाही.

ते घर म्हणजे सॅन फ्रान्सिस्को शहरातला मिशन डिस्ट्रिक्ट हा मोहल्ला. आमचे म्हणणे असे, की लॅटिन रॉकचा कर्ता शोधायचाच असेल, तर तो या मोहल्ल्यात शोधावा लागतो, एका गिटारवादकाच्या बोटांत नव्हे. हे म्हणताना आम्हांला दोन पक्षांशी भांडावे लागेल. पहिला पक्ष अवलियावाद्यांचा; त्यांना गल्ली नको असते. दुसरा सोवळेवाद्यांचा, त्यांना वाटते की हे संगीत म्हणजे अस्सल क्यूबन तालात रॉकचे पाणी घालून केलेली भेसळ आहे. तिसराही एक पक्ष आहे, पण तो उशिरा येतो, तेव्हा त्याचा समाचारही उशिरा.

आधी जागा नीट पाहू. सॅन फ्रान्सिस्को धुक्याचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. मिशन मात्र ट्विन पीक्सच्या डोंगरांच्या आडोशाला असल्याने तिथे ऊन पडते. रस्त्यावर बसणे, दाराशी वाद्य घेऊन टेकणे, बागेत जमणे या गोष्टींना ऊन लागते. संगीताच्या इतिहासकारांनी हवामानाकडे इतके दुर्लक्ष का करावे हे आम्हांला उमगलेले नाही. मोहल्ल्याचे नाव १७७६ साली स्पॅनिश फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी तिथे स्थापन केलेल्या मिशनवरून पडले. आधी ती भूमी ओलोनी लोकांची होती, आणि त्या मिशनने त्यांची काय अवस्था केली हा निराळा आणि भीषण अध्याय आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा आयरिश, जर्मन, इटालियन कामकरी कुटुंबांचा भाग होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुटुंबे उपनगरांकडे सरकू लागली, घरे रिकामी होऊ लागली, भाडी आवाक्यात राहिली, आणि मेक्सिको, निकाराग्वा, एल साल्वादोर, प्वेर्तो रिको इथून आलेली माणसे तिथे स्थिरावली. मध्य अमेरिकेचा आणि या शहराचा संबंध तसा जुना. कॉफी घेऊन येणारी जहाजे या बंदराला लागत, आणि कॉफीच्या वाटेने माणसेही आली.

ही यादी आम्ही उगाच दिलेली नाही. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातली लॅटिन वस्ती प्रामुख्याने मेक्सिकन होती. न्यूयॉर्कमधली मुख्यतः प्वेर्तो रिकन आणि क्यूबन. दोन्ही ठिकाणी त्या त्या वस्तीचे म्हणून जबरदस्त संगीत निर्माण झाले. रिची व्हॅलेन्सने ‘ला बांबा’ हे व्हेराक्रूझचे लोकगीत रॉक अँड रोलच्या अंगाने १९५८ सालीच गायले होते, १९६५ साली ईस्ट लॉस एंजेलिसच्या ‘दी मिडनायटर्स’नी आपल्या मोहल्ल्यातल्या हमरस्त्याच्या नावानेच तबकडी काढली, न्यूयॉर्कात जो क्यूबा आणि त्याचे सांगाती सोल संगीत व मांबो एकत्र मळून बूगालू शिजवत होते. तेव्हा ‘पहिले कोण’ या प्रश्नाचे उत्तर मिशन हे नाही, आणि ते तसे आहे असा आमचा दावाही नाही. आमचा दावा वेगळा आहे. मिशनमध्ये कुठल्याच एका देशाची सद्दी नव्हती. एकाच जिन्यावर मेक्सिकन रांचेरा, निकाराग्वन मारिंबा, प्वेर्तो रिकन प्लेना आणि वरच्या मजल्यावरच्या पोराच्या ट्रान्झिस्टरवरचा जेम्स ब्राउन ऐकू येऊ शकत होता. अशा ठिकाणी ‘आमचे अस्सल’ असे म्हणायला कुणाजवळच बहुमत नसते. हे संगीत कुठल्याच एका राष्ट्राचे झेंडावंदन का झाले नाही, याचे उत्तर प्रतिभेत शोधण्यापेक्षा त्या जिन्यात शोधणे आम्हांला सयुक्तिक वाटते.

आता अवलियावाद्यांचा नायक. कार्लोस सांटानाचा जन्म १९४७ साली मेक्सिकोतल्या हलिस्को प्रांतातल्या आउत्लान गावी झाला. वडील मारियाची परंपरेतले व्हायोलिनवादक. मुलाच्या हातीही आधी व्हायोलिनच आले. पुढे कुटुंब सरहद्दीवरच्या तिहुआना शहरात गेले. लॅटिन रॉकविषयी लिहिणारे बहुतेक जण इथे गृहीत धरतात, की मुलाने मेक्सिकोतून ‘लॅटिन’ आणले आणि अमेरिकेत आल्यावर त्याला ‘रॉक’ भेटले. दोहोंचे लग्न लागले. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. ब्लूज त्याला भेटला तो तिहुआनात. तिथे हाविएर बातिस नावाचा गिटारवादक बी. बी. किंग आणि इतर कृष्णवर्णीय अमेरिकनांचा बाज मेक्सिकन मातीत वाजवत होता, आणि तो ऐकून या मुलाने व्हायोलिन बाजूला ठेवले. मारियाचीपासून त्याला सुटकाच हवी होती. मग साठीच्या दशकाच्या आरंभी कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशनमध्ये आले, मुलगा मिशन हायस्कुलात जाऊ लागला, शाळेनंतर एका खाणावळीत बश्या विसळू लागला, आणि १९६६ साली त्याने मित्रांबरोबर जो वाद्यवृंद काढला त्याचे नाव होते सांटाना ब्लूज बँड. कोंगा आणि टिंबाल हे कॅरिबियन तालवाद्यांचे जग त्याच्या संगीतात शिरले ते इथे, अमेरिकेत, मोहल्ल्यातल्या पोरांमुळे. म्हणजे ब्लूज मेक्सिकोत आणि ‘लॅटिन’ अमेरिकेत! ज्यांना मुळे जमिनीत सरळ खाली जातात असे वाटते, त्यांनी या एका गोष्टीवर थोडा वेळ थांबावे.

इथे आमच्या प्रतिपादनाला थोडी अडचणीची असलेली एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ज्या ठिकाणी हा ताल शिकला गेला त्यांतले एक प्रमुख ठिकाण मिशनमध्ये नाहीच. ते शहराच्या उत्तर टोकाला, समुद्राकाठी आहे. ॲक्वाटिक पार्क या बागेत सुटीच्या दिवशी कोंगा वाजवणारे जमत. कुणीही यावे, वाजवावे, हात दुखले की दुसऱ्याला जागा द्यावी. मायकेल काराबेयो हा प्वेर्तो रिकन वंशाचा मुलगा तिथे वाजवायचा, आणि त्याच्यामार्फत ती गोष्ट वाद्यवृंदात आली. मोहल्ला म्हणजे नकाशावरची हद्द नव्हे, मोहल्ल्यातली पोरे जिथवर चालत किंवा बसने जातात तिथवर मोहल्ला पोचतो, असे म्हणून आम्ही ही अडचण निभावून नेऊ शकू. पण त्याहून महत्त्वाचे हे, की त्या बागेत फी नव्हती, गुरुजी नव्हते आणि प्रवेशपरीक्षाही नव्हती. शहरात फुकट बसता येईल अशी जागा असणे ही संगीताची पूर्वअट आहे. प्रतिभेवर पुस्तके लिहिणाऱ्यांनी तिच्यासाठी एखादे पान राखावे.

वाद्यवृंद पाहा. तिंबाल वाजवणारा होसे ‘चेपितो’ आरेआस निकाराग्वातल्या लेओन शहराचा. बास गिटारवर डेव्हिड ब्राउन, कृष्णवर्णीय अमेरिकन. ड्रमवर मायकेल श्रीव्ह, वुडस्टॉकच्या वेळी वीस वर्षांचा गोरा मुलगा. हॅमंड ऑर्गन वाजवणारा आणि मुख्य गाणारा ग्रेग रोली सिॲटलमध्ये जन्मलेला. ‘ओये कोमो व्हा’मधले स्पॅनिश शब्द जगाने ऐकले ते या माणसाच्या गळ्यातून. ही काही विश्वबंधुत्वाची जाहिरात म्हणून कुणी जुळवलेली मंडळी नव्हे. शहरातल्या त्या काळातल्या शाळा, सभागृहे आणि बागा यांनी ज्यांना एकमेकांच्या पुढ्यात आणले, ती ही माणसे.

आणि आता ‘अब्राक्सास’. १९७० सालची ही तबकडी आमच्या पिढीने बहुधा तिसऱ्या-चौथ्या हाताच्या कॅसेटवर ऐकली; वरच्या कागदावर बॉलपेनने ‘सांटाना’ एवढेच लिहिलेले असे. त्या एका शब्दाखाली काय काय दडले होते ते पुढे कळत गेले. ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ हे इंग्लंडच्या फ्लीटवुड मॅकमधल्या पीटर ग्रीनचे, १९६८ सालचे; त्याला जोडलेले ‘जिप्सी क्वीन’ हे हंगेरीतून आलेल्या गाबोर साबोचे. ‘ओये कोमो व्हा’ हे टिटो पुएन्तेचे, साठीच्या आरंभीचे. आणि त्याचा आरंभीचा साचा क्यूबाच्या काचाओच्या ‘चांचुयो’पर्यंत मागे जातो. आधीच्या तबकडीतले ‘ईव्हिल वेज’ हे सॉनी हेन्रीचे, विली बोबोने आधी वाजवलेले. ‘जिंगो’ हे नायजेरियाच्या बाबातुंदे ओलातुंजीचे. ही उसनवारीची यादी वाचून सोवळेवादी विजयी मुद्रेने म्हणतात, ‘पाहा, यांचे स्वतःचे काय आहे?’

तर मग ऐकावेच. पुएन्तेच्या मूळ तबकडीत ‘ओये कोमो व्हा’ हा चा-चा-चा आहे, नाचाच्या फरशीसाठी केलेला. त्यात बासरी आहे, पितळी वाद्यांचे ठोसे आहेत, आणि सगळे काही नर्तकांच्या पायांशी इमान राखून आहे. सांटानाच्या मंडळींनी स्वरांचा तोच दोन-पायी झोका कायम ठेवला. बासरीची आणि ट्रम्पेटची जागा ऑर्गन आणि गिटार यांनी घेतली. पण खरा फरक वाद्यबदलाचा नाही. गिटारचा एकेक स्वर लांबवला जातो, तो ताणत, थरथरवत, पुढच्या मात्रेवर सोडून दिला जातो. आणि त्याखाली कोंगा, तिंबाल, ड्रम हे तिघे त्या लांबलेल्या स्वराची वाट न पाहता आपले काम करत राहतात. वर ब्लूजचा सावकाश शोक, खाली नाचाची घाई. एकाच वेळी दोन काळ. ज्या घरात आईबाप एका देशातल्या आठवणीत आणि मुले दुसऱ्या देशातल्या रस्त्यावर राहतात, त्या घरात हा अनुभव रोजचा असतो. ही जोडणी पुएन्तेजवळ नव्हती, कारण त्याला तिची गरज नव्हती. पीटर ग्रीनजवळ नव्हती, कारण त्याला ती सुचण्याचे कारण नव्हते. मिशनच्या पोरांना ती सुचली.

सोवळेवाद्यांचा दुसरा आक्षेप असा, की या मंडळींना ‘क्लावे’ कळत नव्हता. म्हणजे क्यूबन संगीताचा कणा असलेला तो दोन मात्राखंडांचा आकृतिबंध, ज्याच्याशी प्रत्येक वाद्याने इमान राखायचे असते. आक्षेपात तथ्य आहे. ही पोरे शास्त्र शिकून आलेली नव्हती, ती ऐकून आलेली होती, आणि कित्येकदा त्यांनी कोंगाचा ठोका रॉकच्या चौपटीत सरळ बसवून टाकला. पण म्हणून काय? खुद्द क्यूबन ताल हा पश्चिम आफ्रिकेतून साखळदंडांत आणलेल्या माणसांनी आणि स्पॅनिश वसाहतींनी मिळून घडवलेला आहे. आपल्या वेळी तोही बाटलेलाच होता. बाटण्याच्या कुठल्या टप्प्यावर थांबून त्याला ‘अस्सल’ म्हणायचे, हे नेहमी आधी पोचलेला ठरवतो. आणि गंमत पाहा, क्यूबाहून आलेला थोर कोंगावादक आर्मांदो पेरासा १९७२ साली याच वाद्यवृंदात आला आणि पुढची अनेक वर्षे राहिला. त्याला क्लावे शिकवायला कुणी जाऊ नये.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही, म्हणून एक आडवळण घेतो. लॅटिन ताल मुंबईत पोचला तो रॉकच्या कितीतरी आधी, हॉटेलांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवणाऱ्या वादकांच्या हातून. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या ‘अलबेला’तली ठेका धरायला लावणारी गाणी आठवा, त्यांच्याबरोबर चिक चॉकलेट या नावाने ओळखला जाणारा गोव्याचा ट्रम्पेटवादक अंतोनियो शाव्हियेर व्हाझ होता. बाँगो आणि कोंगा हिंदी चित्रपटसंगीतात रुळवण्यात कावस लॉर्ड यांचा वाटा मोठा. पण पडद्यावर नाव येई ते संगीतकाराचे. वाद्यमेळ बांधणारे सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोमंतकीय बहुतेकांना ठाऊकच नव्हते. अण्णा चितळकरांची थोरवी आम्ही मानतोच. परंतु एका नावाखाली अनेक हात झाकून टाकण्याची सवय सॅन फ्रान्सिस्कोची मक्तेदारी नव्हे, एवढेच दाखवायचे होते. असो.

झाकल्या गेलेल्या हातांकडेच वळू. कार्लोसचा धाकटा भाऊ हॉर्हे हाही गिटारवादक, २०२० साली वारला. त्याचा ‘मालो’ हा वाद्यवृंद मिशनमधल्या ‘मालिबूज’ या पोरांच्या टोळक्यातून उभा राहिला. १९७२ साली त्यांची पहिली तबकडी आली. वेष्टनावर हेसूस एल्गेरा या मेक्सिकन कॅलेंडर-चित्रकाराचे चित्र: आझ्टेक योद्धा आणि त्याची प्रिया. आपल्या आजीच्या घरच्या भिंतीवर रविवर्म्याची छापील लक्ष्मी असायची, तितकी ही चित्रे मेक्सिकन घरांत घरोघर असत. वेष्टन पाहताच मोहल्ल्याने ओळखले असणार की हे आपल्या स्वयंपाकघरातून आले आहे. त्या तबकडीतले ‘स्वावेसितो’ हे गाणे अमेरिकन लोकप्रियतेच्या यादीत अठराव्या क्रमांकापर्यंत गेले. ते लिहिणाऱ्यांतल्या रिचर्ड बीनने सांगितले आहे, की त्याची सुरुवात शाळेत बीजगणिताच्या तासाला एका मुलीसाठी लिहिलेल्या कवितेतून झाली. चिकानो लोक त्याला आपले राष्ट्रगीत म्हणतात, अर्धे थट्टेने आणि अर्धे गांभीर्याने. त्याच वर्षी कोक आणि पीट या एस्कोवेदो बंधूंचा ‘आझ्तेका’ हा भलामोठा वाद्यवृंद तबकडीवर आला. बीनने पुढे ‘सापो’ काढला. या सगळ्यांतले एकही नाव, सांटाना सोडून, रॉकच्या सर्वसाधारण इतिहासात तळटीपेच्या वर चढत नाही. एकाच मोहल्ल्यातून तीन-चार वर्षांत इतके वाद्यवृंद उगवत असतील, तर तिथे अवलिया शोधायचा की माती तपासायची? मिशनला आपला इतिहास लिहिणारे नाहीत असे नव्हे. तिथले आलेहांद्रो मुर्गिया हे लेखक २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोचे राजकवी झाले, ते स्थान मिळालेले पहिले लॅटिनो. पण गिटारचे नायक मोजणाऱ्यांच्या कपाटात अशांची पुस्तके सहसा नसतात.

माती म्हटले की मालकी आली. इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण आमच्या मते सगळ्या प्रकरणाची कळ इथे आहे.

सांटानाला पहिले मोठे व्यासपीठ दिले ते बिल ग्रॅहमने. बर्लिनमध्ये जन्मलेला, नाझींपासून वाचलेला हा यहुदी मुलगा न्यूयॉर्कमध्ये वाढला आणि तिथल्या मांबो नृत्यगृहांच्या नादी लागला. ‘ईव्हिल वेज’ या पोरांच्या कानावर घालणारा आणि त्यांना वुडस्टॉकच्या मंचावर चढवणारा तोच. १९६५ च्या अखेरीपासून तो ‘फिलमोर’ या सभागृहात कार्यक्रम करू लागला. रॉकच्या इतिहासात फिलमोर हे तीर्थक्षेत्र आहे. पण फिलमोर हे मुळात एका वस्तीचे नाव आहे, आणि ती वस्ती कृष्णवर्णीयांची होती. तिला ‘पश्चिमेचे हार्लेम’ म्हणत. तिथल्या जॅझच्या अड्ड्यांवर बिली हॉलिडे, चार्ली पार्कर वाजवून-गाऊन गेले. सभागृहात हिप्पी रंगीबेरंगी दिव्यांखाली नाचत होते त्याच वर्षांत बाहेर नगर-पुनर्रचनेच्या नावाखाली बुलडोझर चालले होते. गीअरी हा रस्ता रुंद करण्यासाठी वस्ती मधोमध चिरली गेली. हजारो कुटुंबे उठवली गेली. अड्डे बंद पडले. सभागृह राहिले. वस्ती गेली.

मिशनवरही तीच योजना येऊ घातली होती. नव्या भुयारी रेल्वेची दोन स्थानके मिशन रस्त्यावर होणार होती आणि त्यांच्या भोवतालचा भाग ‘सुधारायचा’ होता. फिलमोरचे काय झाले हे लोकांच्या डोळ्यांपुढे होते. चर्चची मंडळी, भाडेकरू, लहान घरमालक, दुकानदार एकत्र आले, आणि १९६६ सालच्या डिसेंबरात नगरमंडळाने ती योजना फेटाळली. वर्ष लक्षात घ्या. सांटाना ब्लूज बँड निघाला तेच हे वर्ष. त्या महिन्यात मत उलटे पडले असते, तर काराबेयो कुठल्या उपनगरात, बीन कुठल्या दुसऱ्या शाळेत, हॉर्हे कुठल्या तिसऱ्या गावात असता; प्रतिभा तेवढीच राहिली असती, आणि आज आमच्या कॅसेटवर काहीही नसते. फिलमोरच्या उठवलेल्या पोरांत किती प्रतिभा होती हे आपल्याला कधीच कळणार नाही, कारण ती पोरे एका जिन्यावर राहिली नाहीत.

आणखी एक तारीख. १९६९ च्या १ मे रोजी मिशनमध्ये एका पोलिसाचा मृत्यू झाला आणि मोहल्ल्यातल्या सात लॅटिन तरुणांवर आरोप आला. ‘लोस सिएते’ म्हणजे ‘सातजण’ या नावाने त्यांच्या बचावाची चळवळ उभी राहिली. खटला चालला ते सहाही जण १९७० च्या नोव्हेंबरात निर्दोष सुटले. वुडस्टॉक हे त्या मे महिन्यानंतर साडेतीन महिन्यांनी झाले. माळावरच्या प्रेक्षकांना ते ढोल शांतीचे आणि प्रेमाचे वाटले, वाटोत बापडे. ज्या रस्त्यावरून ते ढोल आले होते तिथे त्या उन्हाळ्यात भिंतींवर काय चिकटवलेले होते, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आता तो तिसरा पक्ष: स्मारकवाद्यांचा. हे लोक आमच्याशी पूर्ण सहमत आहेत, आणि म्हणूनच त्यांची आम्हांला अधिक धास्ती वाटते. होय होय, मोहल्लाच खरा कर्ता, असे म्हणून ते मोहल्ल्याला चौकटीत बसवतात. मिशनच्या भिंतींवरची चित्रे जगप्रसिद्ध आहेत, आणि ती रास्तच आहेत. ‘मुहेरेस मुरालिस्तास’ या स्त्री-चित्रकारांच्या गटाने सत्तरीत तिथे केलेले काम कुठल्याही संग्रहालयाला हेवा वाटावा असे होते. सांटानाचेही भलेमोठे भित्तिचित्र तिथे आहे. परंतु नव्वदीच्या अखेरीस संगणक-व्यवसायाचा पैसा शहरात आला आणि भाडी चढली. पुढच्या लाटेत आणखी चढली. हजारो लॅटिन रहिवाशांना मोहल्ला सोडावा लागला. २०१३ च्या डिसेंबरात गूगलच्या कर्मचाऱ्यांना नेणारी बस लोकांनी मिशनमध्ये अडवली, ती याच रागातून. २०१४ साली शहराने चोविसाव्या रस्त्याला लॅटिन सांस्कृतिक क्षेत्र म्हणून मान्यता दिली. मान्यतेसाठी झगडणाऱ्या रहिवाशांविषयी आम्हांला आदरच आहे. त्यांनी ती हत्यार म्हणून मागितली. पण जे भित्तिचित्राचे छायाचित्र काढतात, त्याच्या नावावर घराची किंमत वाढवतात आणि त्याखाली राहणाऱ्या भाडेकरूला नोटीस देतात, त्यांच्या मोहल्लाप्रेमात आणि फिलमोरच्या बुलडोझरमध्ये आम्हांला रंगापलीकडे फारसा फरक दिसत नाही. त्यांनाही सभागृहच हवे आहे.

‘यात संगीताचा काय संबंध?’ असे विचारले जाईल. विचारणाऱ्याने एवढेच करावे: ‘सोल सॅक्रिफाइस’ पुन्हा ऐकावे. वुडस्टॉकच्या चित्रपटात श्रीव्हचा ड्रम आणि पाठोपाठ गिटार यांनी प्रेक्षक वेडे होतात. पण त्या तुकड्याचा पाया कोंगावर आहे, आणि तो तुकडा ज्यांनी मिळून रचला त्यांत मार्कस मलोन हा वाद्यवृंदाचा आधीचा कोंगावादक होता. वुडस्टॉकच्या आधीच तो वाद्यवृंदातून बाहेर गेलेला होता. मंचावर तो नव्हता, चित्रपटात नव्हता, पुढच्या कुठल्याही सोहळ्यात नव्हता. २०१३ च्या अखेरीस, म्हणजे बस अडवली गेली त्याच सुमारास, खाडीपलीकडच्या ओकलंड शहरात एका दूरचित्रवाणी वार्ताहराला रस्त्यावर राहणारा एक म्हातारा भेटला. त्याने सांगितले, की मी सांटानाबरोबर वाजवायचो. बातमी दाखवली गेली, सांटानाने ती पाहिली, आणि तो त्याला भेटायला ओकलंडच्या त्या रस्त्यावर गेला.

पहिल्या तबकडीवर त्या तुकड्याखाली कर्त्यांची चार नावे छापलेली आहेत: ब्राउन, मलोन, रोली, सांटाना. वर्णानुक्रमे.